मातीनं खाल्लेलं कापड

तीन वर्षं शेण वाहून वाहून तिचं नावच खतवाली पडलं होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे. पण डोक्यावर पाटी घेऊन ती गल्लीच्या वळणावर दिसली की एखादी नाक दाबायची, दुसरी म्हणायची, "आली गं बया," आणि दोघी खुदकन हसायच्या. खतवालीला सगळं ऐकू यायचं. पाटी खाली ठेवून भांडायला जावं, तर ती परत डोक्यावर चढवायला त्याच बायांना हात लावा म्हणावं लागलं असतं. तेव्हा ती मुकाट चालायची.

आणि ते शेणही काही फुकट मिळत नव्हतं. सडकेपलीकडच्या तबेल्यात रोज पहाटे सोळा जनावरांखालचं झाडून, धुऊन काढायचं, त्या बदल्यात दोन पाट्या. त्या घेऊन खालच्या वावरात उतरायचं, पसरायचं, कुदळीनं मातीत मिसळायचं, वर पालापाचोळा अंथरायचा. मग घरी येऊन अंग खसाखसा धुवायचं, चुलीवरचं उरकायचं आणि दहाच्या आत रोपवाटिकेत पिशव्या भरायला हजर व्हायचं. एवढं करून त्या वावरातून तीन वर्षांत घरात काय आलं? काडी नाही. जे उगवलं ते कापून तिथंच टाकलं. जनावरालासुद्धा घातलं नाही.

वावर तसं लहानच. या टोकाला उभं राहून हाक मारली तर त्या टोकाला ऐकू जावी एवढं. वरचं अंग घराला लागून, खालचं नाल्याला. नाल्याच्या पलीकडे मुलाम्याचा कारखाना होता. नळ, कड्या, दारांच्या मुठी असलं काहीबाही टाकीत बुडवून चकचकीत करायचे, आणि टाक्यांचं पाणी नाल्यात. सकाळी नाला हिरवा, संध्याकाळी पिवळा. नाला फुगला की पाणी वावरात यायचं आणि बसून राहायचं. अशी सतरा वर्षं गेली. मग एक दिवस मालकानं कुलूप लावलं आणि तो निघून गेला. पाणी मात्र मातीत जिरलं ते जिरलंच.

खतवालीचा नवरा त्याच कारखान्यात टाकीवर होता. त्याच्या बोटांची नखं अर्धीच उरली होती आणि मनगटापर्यंतची कातडी जुन्या कागदासारखी झाली होती. दर शनिवारी संध्याकाळी टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायचं काम त्याचं. त्यामुळे वावराचा विषय निघाला की तो एकच वाक्य बोलायचा.

"मेलंय ते. मीच मारलंय, मला विचार."

"मग मी काय मढ्याला खत घालतेय का तीन वर्षं?"

"ते तू जाण."

पहिल्या वर्षी काही उगवलंच नाही. दुसऱ्या वर्षी वरच्या अंगाला गवत आलं. तिसऱ्या वर्षी तिला एक गांडूळ सापडलं. ती ते तळहातावर घेऊन पळत घरी आली. नवरा जेवत होता. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "पाहुणा आणलास की काय? बस म्हणावं." ती हसली नाही. गांडूळ परत नेऊन जिथून काढलं तिथंच सोडलं आणि वर ओला पाला घातला.

त्याच वर्षी सरकारी ऑफिसचा कागद आला. नाल्याकाठच्या सगळ्या जमिनी तपासणार, ज्याला आपली राखायची असेल त्यानं अर्ज करायचा. जी माती जिवंत निघेल ती मालकाकडे राहील. पुढचे उपाय करायचे आणि कसायची. जी मेलेली निघेल तिची दीड हात माती खरवडून नेणार, खाली प्लास्टिक अंथरणार, वर मुरूम दाबणार आणि तिथं ट्रक उभे राहणार. एकदा मुरूम पडला की विषय संपला. ट्रकतळाला राखणदार लागेल आणि तो तुमच्यातलाच घेऊ, असं नवऱ्याच्या कानावर आधीच कुणीतरी घातलं होतं. त्याला ते वाईट वाटलं नाही. नखं नसलेल्या माणसाला दुसरं काम कोण देतंय?

मातीवाल्या बाई आल्या त्या स्कूटरवर, मागं पत्र्याची पेटी बांधून. पायात रबरी बूट, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा. गोड बोलणाऱ्या नव्हत्या, पण हात मातीत घालायला लाजत नव्हत्या. खतवालीला त्या तेवढ्यावरच आवडल्या. त्यांनी वावरात बारा खुंट्या ठोकल्या. नाल्याकडे एक ते चार, मग चढत चढत घरापाशी बारावी. प्रत्येक खुंटीपाशी थोडी माती काचेच्या बरणीत भरली आणि आत औषधाची असते तेवढी एक उघडी बाटली ठेवून झाकण घट्ट लावलं.

"हे कशाला?" खतवालीनं विचारलं.

"मातीत जीव असेल तर ती श्वास टाकते. तो या बाटलीतलं पाणी धरून ठेवतं. मग मी मोजते."

"माती श्वास टाकते?"

"तुम्ही-आम्ही टाकतो तसाच. थोडा कमी."

मग बाईंनी पेटीतून पांढुरक्या मांजरपाटाच्या पट्ट्या काढल्या. वीतभर लांब, वीतभर रुंद, सगळ्या अगदी एकसारख्या. खुरप्यानं चीर पाडून एकेका खुंटीपाशी एकेक पट्टी उभी पुरली आणि दोरीचं टोक खुंटीला बांधलं.

"मातीतले जीव डोळ्यांना दिसत नाहीत," बाई म्हणाल्या, "पण त्यांना भूक लागते. कापूस हे त्यांचं जेवण. चाळीस दिवसांनी काढायचं. जेवढं कापड खाल्लं, तेवढी माती जिवंत."

"आणि नाही खाल्लं तर?"

"तर घातलं तसंच बाहेर येईल. धड."

शेवटी त्यांनी कागद वाचून दाखवला. बारा पट्ट्या पुरल्या, चार जोडीच्या पट्ट्या डब्यात घालून घरात कोरड्या ठेवल्या, नंतर ताडून बघायला. पट्ट्यांना कुणी हात लावला, बदलल्या, काढल्या तर छेडछाड धरून अर्ज रद्द, म्हणजे जमीन गेली. खतवालीनं सही केली. तिची सही म्हणजे चार अक्षरं, पण ती दाबून करायची.

तेवढ्यात सासू पाण्याचा तांब्या घेऊन खाली आली. बाई डबा पुढं करत म्हणत होत्या, "मोजून दिल्यात, मोजून घेणार. जीव लावून सांभाळा."

"कसली कापडं?" सासूनं विचारलं.

"काही नाही, आई. ऑफिसचं काम आहे," खतवाली म्हणाली. तिला रोपवाटिकेत जायला उशीर होत होता. "तुम्हाला काय कळायचं त्यातलं? ऊन आहे, आत बसा."

डब्यातली एक पट्टी सासूनं अंगठा आणि बोटात धरून पाहिली. "मांजरपाट चांगला आहे," म्हणाली आणि डबा घेऊन आत गेली.

आता या सासूबद्दल सांगायला हवं. बाजारात धोब्याचं मोठं दुकान होतं, तिथं ती चाळीस वर्षं रफू करायची. विडीनं जळालेले कोट, कसरीनं खाल्लेल्या शाली, उंदरानं कुरतडलेली लग्नाची वस्त्रं, सगळं तिच्याकडं यायचं. धागा बाहेरून आणायचा नाही, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून काढायचा, आणि ताण्याला ताणा, बाण्याला बाणा असं पुन्हा विणून काढायचं. गिऱ्हाईक उजेडात धरून भोक शोधायचं आणि सापडायचं नाही. तिचा एकच नियम होता: आपल्या हातात आलेलं कापड फाटकं परत जात नाही. आणि एकच खोड. कोपऱ्यात एक धागा मुद्दाम तिरका घालायची. "ही माझी सही," म्हणायची. सहा वर्षांपूर्वी डोळे अधू झाले, दुकानवाल्यानं "आता आराम करा" म्हटलं आणि घरातल्यांनी तेच मनावर घेतलं. तेव्हापासून तिला कुणी काही विचारत नव्हतं. सुयांचा डबा तेवढा ती उशाशी ठेवायची.

चाळीस दिवस मोजायचे म्हणजे काय ते ज्यानं मोजलेत त्यालाच ठाऊक. तिसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रत्येक खुंटीपाशी एकच मग पाणी घालायचं होतं. खतवाली मग काठोकाठ भरायची आणि थेंब सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून चालायची. नवरा बांधावर बसून बघायचा.

"बाळाला दूध पाजतेयस जशी."

"तुम्ही नुसते बसलाय ते उठा आणि कळशी तरी भरून आणा."

कळशी तो आणून द्यायचा. वावरात मात्र पाय ठेवायचा नाही. एकदा तिनं विचारलं, "तुम्हाला हवंय तरी काय? मेलेलं निघावं असंच ना?"

त्यानं आपल्या अर्ध्या नखांकडं पाहिलं. "मला काय हवंय त्याला कोण विचारतं," म्हणाला. "तू आस लावून बसलीयस. तोंडावर आपटशील, एवढंच वाटतं."

तेहतिसाव्या दिवशी ती कामावरून आली तर सासू अंगणात पाय धूत होती. पाय गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेले.

"तबेल्याचं कुत्रं आलं होतं," सासू म्हणाली. "वरच्या खुंटीपाशी उकरून ठेवलं मेल्यानं. मी माती सारखी केली."

"दुसऱ्या कशाला हात नाही ना लावलात?"

"माती सारखी केली म्हटलं ना."

खतवाली धावत जाऊन बघून आली. खुंटी उभी होती, दोरी बांधलेली होती, माती दाबून बसवलेली होती. तिला बरं वाटलं. म्हातारीला एवढं सुचलं म्हणायचं.

पुढचे चार-पाच दिवस सासूचे डोळे लालभडक दिसायला लागले. विचारलं तर "ऊन लागलं" म्हणायची. रोज सकाळी विचारायची, "आज किती वाजता येशील?" संध्याकाळी परत यावं तर अंगणात पाट टाकलेला, चष्मा कपाळावर, मांडीवर सुयांचा डबा.

"काय शिवताय?"

"बसून बसून हात गंजतात गं."

खतवालीनं पुढं विचारलं नाही. उलट मनात म्हटलं, बरं झालं, जीव रमतोय. सासू दोन घास जास्त जेवत होती. भांडी घासताना काहीतरी गुणगुणत होती. एक दिवस ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "त्या कागदावर तुझी सही आहे ना?"

"आहे की."

"मग काही काळजी करू नकोस."

"आई, काळजी तुम्ही नका करू," खतवाली म्हणाली. नवराही गालात हसला.

चाळिसाव्या दिवशी मातीवाल्या बाई आल्या, आणि त्यांच्याबरोबर ऑफिसचे साहेब. साहेबांच्या काखेत फायली आणि शिक्क्यांची पेटी होती आणि दर दोन मिनिटांनी ते पेटी चाचपून बघायचे, म्हणून नवऱ्यानं त्यांना मनातल्या मनात शिक्केसाहेब करून टाकलं. सोबतच्या माणसानं मेलेल्या मातीत ठोकायच्या लाल खुंट्यांची मोळी बांधाला टेकून ठेवली. खतवालीचं लक्ष त्या मोळीवरून हलेना.

बाई म्हणाल्या, "बरण्या मोजल्यात मी. नाल्याकडच्या चारांत श्वास नाहीच म्हणायचा. पण वरच्या आठही चांगल्या बोलल्या."

"मॅडम, शेण घातलेल्या मातीची बरणी बोलणारच," साहेब म्हणाले. "तो श्वास मातीचा की शेणाचा, कुणी सांगावं? नियमात कापड आहे. कापड काढा."

पहिल्या चार पट्ट्या निघाल्या. बाईंनी टबात बुडवून मऊ ब्रशनं माती काढली आणि पाटावर अंथरून वर तारेची जाळी ठेवली. जाळीला शंभर घरं. ज्या घरात कापड नाही, ते घर मातीनं खाल्लं.

"एक नंबर, शून्य," बाई म्हणाल्या. "दोन, शून्य. तीन, शून्य. चार, शून्य."

हे होणारच, असं खतवालीनं स्वतःला समजावलं होतं. पण सगळ्यात जास्त पाट्या तिनं तिथंच ओतल्या होत्या.

पाचवी पट्टी निघाली. मळली होती, पण अख्खी. बाईंनी जाळी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. "शून्य." सहावी, शून्य. सातवीला बाईंनी चष्मा काढून पुसला. आठवी, नववी, दहावी. बाराव्या पट्टीपर्यंत त्यांचा आवाज खाली खाली गेला.

"सगळी धड आहेत," साहेब म्हणाले. त्यांना आनंद झाला नव्हता, दुःखही नाही. फायलीत त्यांनी बारा वेळा एकच आकडा लिहिला आणि माणसाला खूण केली. तो लाल खुंट्या ठोकायला लागला. ठक, ठक, ठक.

खतवाली टबाशेजारच्या चिखलात मटकन खाली बसली. तीन वर्षं. पहाटेची सोळा जनावरं, मानेवरचा तो घट्टा, बायांचं नाक दाबणं, तळहातावरचं गांडूळ. तिला वाटलं, नवरा आता म्हणेल, सांगत नव्हतो? तो म्हणाला नाही. बांधावरून उठला आणि पहिल्यांदाच वावरात उतरून तिच्या मागं येऊन उभा राहिला. तिला त्याचं तोंड बघवेना.

"बरण्या खोटं बोलत नाहीत," बाई स्वतःशीच पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "जोडीच्या पट्ट्या आणा बरं. ताडून बघते."

"मी आणते," सासू म्हणाली. ती इतका वेळ दारात उभी होती आणि एकेका शून्यागणिक तिचा चेहरा खुलत गेला होता, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

डबा उघडला. आत चार पट्ट्या हव्या होत्या. दीड होती. एक अख्खी आणि एक मधोमध संपलेली, कडेला धाग्यांच्या दशा लोंबत असलेली.

"बाकीचं कुठं गेलं?" साहेबांनी विचारलं.

खतवालीनं ती दशांची पट्टी पाहिली. मग पाटावरची बारावी पट्टी उचलली. ओली, मातकट, साधी पट्टी. तिनं ती उलटी केली आणि उन्हाकडे धरली. कोपऱ्यात एक धागा तिरका होता.

सांगितलं तर छेडछाड आणि अर्ज रद्द. नाही सांगितलं तर माती मेलेली. बोलावं तरी मरण आणि गप्प बसावं तरी मरण. तिला त्या क्षणी सासूचा संताप आला. तिनं पट्टी मुठीत चुरगाळली.

"अगं, चुरगाळू नकोस," सासू म्हणाली. "आत्ता कुठं सारखी केलीय." आणि साहेबांकडे वळून, चाळीस वर्षं गिऱ्हाइकाशी बोलायची त्या आवाजात म्हणाली, "वरची आठ पार चाळण झाली होती, साहेब. कुत्र्यानं उकरलं म्हणून एक दिसलं मला, मग बाकीचीही काढून पाहिली. मोजून दिलेली कापडं, वर सुनेची सही. अशी परत कशी द्यायची? आठही रफू करून होती तिथं परत पुरलीत. धागा जोडीच्यातला घ्यावा लागला. दुसरा घेतला असता तर दिसला असता. बघा, दिसतंय का कुठं?"

लाल खुंट्या ठोकणाऱ्याचा हात वरच्या वर राहिला.

"छेडछाड," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेटी चाचपली.

"थांबा हो जरा," बाई म्हणाल्या. "छेडछाड म्हणजे मेलेली माती जिवंत दाखवणं. यांनी जिवंत माती मेलेली करून दाखवलीय. असं कुणी करतं का मुद्दाम?"

"ते मी कुठं लिहू, मॅडम? फॉर्ममध्ये जागा आहे ती भोकांच्या आकड्याला. मला भोकं दाखवा, मी भोकं लिहितो. गोष्टी लिहिता येत नाहीत."

सासूच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. काहीतरी चुकलंय, एवढं तिला कळलं. काय चुकलं ते कळत नव्हतं. ती एकदा साहेबांकडं, एकदा लेकाकडं बघायला लागली. चूक झाली की मालकापुढं उभं राहताना धरतात तसे तिनं दोन्ही हात पुढं धरले होते.

खतवाली उठली. चिखलाचे हात तिनं पोटाशी पुसले आणि सासूपुढं जाऊन उभी राहिली. संताप होताच. पण ते पुढं धरलेले हात बघून तो कुणावर काढावा ते तिला कळेना.

"आई, ते कापड मातीनं खायलाच ठेवलं होतं," ती म्हणाली. "जेवढं खाल्लं तेवढी माती जिवंत. तुम्ही भोकं पाहिलीत ना? तेच आपलं पीक होतं. तीन वर्षांचं."

सासूनं ते ऐकलं. मग ती म्हणाली, "मग मला सांगायचं नाही का, बाई?"

उत्तर खतवालीनंच चाळीस दिवसांपूर्वी इथंच उभं राहून दिलं होतं, आणि ते दोघींनाही आठवत होतं.

मातीवाल्या बाईंनी पेटीतून कात्री काढली. सासूनं त्यांचा हात धरला. "कात्री नको. कात्रीनं खरं-खोटं दोन्ही जाईल. ज्यानं घातलं त्यालाच ठाऊक कुठला धागा कुठला." आणि जरा थांबून म्हणाली, "चाळीस वर्षांत स्वतःचं उसवलं नाही कधी. दुसऱ्याचं उसवलंय. स्वतःचं नाही."

पाट अंगणात उन्हाला टाकला. सासू बसली, चष्मा नाकावर ओढला आणि सुयांच्या डब्यातून सगळ्यात बारीक सुई काढली. बारावी पट्टी खतवालीनं दोन्ही हातांनी ताणून उन्हाकडे धरली. सासूनं आधी तो कोपऱ्यातला तिरका धागा उचलला. ओढला. तो सरसर सुटून आला आणि तिनं तो पाटावर ठेवला. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या शेजारचा.

वेळ लागला. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, मग एक घमेलं पालथं घालून त्यावर बसले. धागे निघत गेले तसं कापडात ऊन शिरायला लागलं. आधी टाचणीएवढं, मग बोटाएवढं, मग तळहाताएवढं. कडा चावून खाल्ल्यासारख्या, विरलेल्या. सासूच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते ताण पडून की कशानं हे खतवालीनं विचारलं नाही. ती आपल्या दंडानं सासूचं तोंड पुसत होती, कारण पट्टी सोडता येत नव्हती.

"सोडा आता," बाई म्हणाल्या आणि त्यांनी जाळी ठेवली. "बारा नंबर. चौतीस."

साहेबांनी लिहिलं.

अकरा, एकतीस. दहा, तेहतीस. नऊ, एकोणतीस. ऊन भिंतीवर चढलं. सासूच्या बोटांना कळ येत होती, ती मध्येच मूठ वळून उघडायची. लेकानं पाणी आणून दिलं, ते तिनं एका घोटात संपवलं. आठ, सत्तावीस. सात, पंचवीस. सहा, एकवीस. पाचव्या पट्टीला चौदा घरं निघाली. बाईंनी सगळ्यांची बेरीज केली, डब्यातून गेलेल्या अडीच पट्ट्यांशी ताडून पाहिली आणि कागद साहेबांपुढं धरला. वाया गेलेल्या धाग्यांचा थोडाफार फरक सोडला तर जेवढं मातीनं खाल्लं होतं तेवढंच म्हातारीनं भरलं होतं.

"आणि नाल्याकडची चार?" साहेबांनी विचारलं.

सासूनं मान हलवली. "ती धडच होती. त्यांना मी सुई लावली नाही."

खतवालीनं नवऱ्याकडं पाहिलं. तो खाली नाल्याकडं बघत होता. "व्हॉल्व्ह तिथंच होता," एवढंच म्हणाला.

साहेबांनी लिहिलं आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचलं. एक ते चार: मृत. पाच ते बारा: पट्ट्यांना हात लागलेला, निकाल धरता येत नाही, अर्ज रद्द न करता चाचणी पुन्हा. "यापेक्षा जास्त मला करता येत नाही," म्हणाले. "आणि पुन्हा हात लागला तर मी ओळख दाखवणार नाही."

म्हणजे अजून चाळीस दिवस. म्हणजे यंदाची पेरणी गेली. खालचा तिसरा हिस्सा कायमचा गेला. आणि वरचाही हातात आला नव्हता, त्याचा निकाल नुसता लांबला होता. खतवालीनं हे सगळं मनात एकापाठोपाठ एक मांडलं. आणि "बरं," म्हणाली.

वरच्या आठ लाल खुंट्या काढायला माणूस निघाला, तर नवरा त्याच्या आधी गेला. नखं नसलेल्या बोटांनी त्यानं एकेक खुंटी हलवून हलवून उपटली, आठही काखेत घेऊन आला आणि मोळीवर टाकल्या. चार खाली तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बाई नव्या पट्ट्या घेऊन आल्या. या वेळी त्यांनी सगळं सासूलाच समजावलं आणि सासूनं चार प्रश्न विचारले. त्यातल्या एकाचं उत्तर बाईंनाही आलं नाही. माती आधी ताणा खाते की बाणा, असं तिनं विचारलं होतं. पट्ट्या पुरून झाल्यावर ती घरात गेली आणि सुयांचा डबा आणून तिनं खतवालीच्या हातात ठेवला.

"चाळीस दिवस तुझ्याकडं ठेव. मागितला तरी देऊ नकोस."

"आई, आता कशाला?"

"हाताचा भरवसा नाही गं. भोक दिसलं की चालायला लागतात."

सोमवारी खरवडायचं यंत्र आलं. नाल्याकडून घरघर करत त्यानं माती ओढायला सुरुवात केली. काळी, भुसभुशीत, तीन वर्षं शेण खाल्लेली माती. ट्रकात पडताना ती चांगल्या मातीसारखीच दिसत होती. खतवाली तबेल्यातून पाटी घेऊन आली आणि बांधावर थबकली. आज खालच्या अंगाला जायचं नव्हतं, तरी पाय तिकडंच वळत होते.

पाचव्या खुंटीपाशी सासू जमिनीवर बसली होती. तिच्या पलीकडे दहा हातांवर यंत्राची धूळ उडत होती. हात तिनं मांडीखाली दाबून धरले होते आणि नजर खुंटीच्या दोरीवर होती.

"आई," खतवाली म्हणाली, "ऊन आहे. आत बसा ना."

"आत बसून काय करू?" सासू म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "इथंच बसते. मला आता कळतं त्यातलं."

खतवालीनं पाटी खाली ठेवली. परत उचलायला कुणाचा तरी हात लागणार होता, पण ठेवली. आणि ती सासूच्या शेजारी, अंगाला अंग लावून, खाली बसली.